जिन्याले शिकवा

चौथ्या वर्गातल्या चाळीस मुलांचे पाय मी एका दुपारी बांधले होते. एकेकाचा एकच पाय, तोही अर्ध्या तासासाठी. पण बांधले ते मीच, आणि मोठ्या हौसेनं.

१९८१ साल होतं. अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. महानगरपालिकेच्या शाळांमध्ये कागद आला होता की एक सप्ताह साजरा करावा आणि मुलांच्या मनात अपंगांविषयी जाणीव निर्माण करावी. आमची शाळा विणकरांच्या वस्तीत होती. दुपारी खिडकीत उभं राहिलं की चारी बाजूंनी हातमागांची खटखट ऐकू यायची. आमचे मुख्याध्यापक गणपतराव, त्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत. त्यांनी तो कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मेश्राम बाई, हे तुम्हीच करा. तुमच्या वर्गात एक आहेच."

ती एक म्हणजे कौसल्या बारापात्रे. दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. नऊ वर्षांची झाली तरी तो पाय मनगटाएवढाच होता. डाव्या गुडघ्यावर तळहात दाबायची, कंबर झोकायची आणि पुढचं पाऊल टाकायची. तशी ती भराभर चालायची. फक्त आमचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि जिन्याला कठडा नव्हता. म्हणून आमचे चपराशी नत्थूजी तिला रोज सकाळी खांद्यावर टाकून वर आणत आणि शाळा सुटली की खाली नेऊन ठेवत.

मी विचार करून एक युक्ती काढली. मुलांना घरून चिंध्या आणायला सांगितल्या. मैदानात प्रत्येकाचा डावा पाय गुडघ्यात दुमडला, पोटरी मांडीला बांधली आणि हातात काठी देऊन म्हटलं, आता चाला. पोट्टे उड्या मारत निघाले. दोन पावलांवर पडले, एकमेकांवर पडले, हसून हसून लोळले. कौसल्या व्हरांड्याच्या काठावर बसून पाहत होती. तिला मी मुद्दामच खाली आणवलं होतं.

पाय सोडल्यावर मी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "काय वाटलं?"

गोविंदा नावाचा मुलगा लगेच उभा राहिला. "बाई, लय दुखलं. मले कौसल्याची लय दया आली."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, धडा जमला असंच वाटलं. मी कौसल्याकडे वळून म्हटलं, "तूही बोल काही."

ती गुडघ्यावर हात दाबून उभी राहिली.

"बाई, हे सारे खोटं चालून राहिले," ती म्हणाली. "मी अशी पडत नाही. मले चालता येते, याइले येत नाही. अन् तुम्ही याइले माही नक्कल कराले लावली."

"नक्कल नाही गं. तुझा त्रास त्यांना कळावा म्हणून..."

"त्याइनं तर सोडून टाकलं. आता घरी जाऊन सांगतील, कौसल्या बिचारी हाये. काल मी बिचारी नव्हती."

मी तिला खाली बसायला सांगितलं. जरा जोरातच सांगितलं. तास संपला.

घरी जाताना माझा राग उतरेना. इतकं केलं आणि ही पोरगी उलटून बोलते, हाच विचार डोक्यात होता. पाचपावलीचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत सायकल धरून उभी राहिले आणि तिथं मला पहिलीतले गुरुजी आठवले. मी वर्गात दाराशी बसायची. बाकीच्यांपासून लांब, एकटी. ते गुरुजी भले माणूस होते, असं सगळेच म्हणत. शनिवारी ते मला पेपरमिंटची गोळी देत. माझ्या ओंजळीत ती वरून टाकत, बोट लागू नये इतक्या वरून. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं मला समोर बसवून सांगितलं, ती गोळी घ्यायची नाही. गोड आहे म्हणून घ्यायची नाही, गुरुजी चांगले आहेत म्हणूनही घ्यायची नाही. छप्पन साली तीच आई मला बोटाला धरून दीक्षेच्या मैदानात घेऊन गेली. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आणि आता तेहतीस वर्षांची, सरकारी नोकरीतली, मी दुसऱ्याच्या लेकीला वरून गोळी टाकत होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी खुर्चीत बसलेच नाही. वर्गापुढे उभी राहून म्हटलं, "काल मी चुकले. कौसल्या, तूच सांग. मी यांना काय शिकवू?"

तिला वाटलं मी रागानं विचारते आहे. तिनं दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्या पायाले काही नोका शिकवू. त्याले जे येते ते येते. जिन्याले शिकवा."

मुलं हसली. ती हसली नाही.

"मी घरून निघताना पाणी पीत नाही," ती म्हणाली. "इथंही पीत नाही. पाणी पेलं की मुतारीले जा लागते. खाली कोण नेईल? मधल्या सुट्टीत नत्थू मामा चहाले जातात. हे सारे खाली खेळतात अन् मी इथंच बसून राहते."

अकरा ते पाच. मागच्या वर्षी तिसरीत असताना तर आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात, एप्रिलमधल्या सकाळच्या शाळेतसुद्धा, ती पोरगी कोरड्या घशानं बसायची. जूनपासून ती माझ्याच वर्गात होती. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत डबा खायची. ती वर एकटी असते हे मला माहीत होतं. का असते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात गणितात लांबी मोजणं होतं. मी मुलांच्या हातात फूटपट्ट्या दिल्या आणि म्हटलं, कौसल्याला मोजायचं नाही. शाळेला मोजायचं. मुलांनी जिना मोजला. एकवीस पायऱ्या, एकही सारखी नाही, सगळ्यात उंच पायरी सव्वीस सेंटिमीटर. मुतारीच्या वाटेवरची उघडी नाली मोजली. पाण्याच्या टाकीची तोटी मोजली तर ती पहिलीच्या एकाही पोराच्या हाताला लागत नव्हती. गोविंदा ओठ चावत मोजत होता. मोजता मोजता एकदम म्हणाला, "बाई, इथं तर कोणाचाही पाय मोडंल." मग सगळ्यांनी मिळून एका मोठ्या कागदावर ते लिहून काढलं. वर नाव काय द्यायचं यावर बराच वाद झाला. शेवटी कौसल्यानं सांगितलं तेच ठरलं: शाळेच्या चुका.

तो कागद घेऊन मी मोठ्या गुरुजींकडे गेले. खालच्या मजल्यावर ऑफिसच्या बाजूला एक खोली होती. तुटकी बाकं, जुन्या निवडणुकीच्या पेट्या आणि फाटक्या नकाशांनी भरलेली. ती रिकामी करा आणि चौथी खाली आणा, एवढंच माझं म्हणणं होतं.

गणपतराव वाईट माणूस नव्हते. शाळेत सगळ्यात आधी यायचे आणि फाटकी चप्पल घालून हिंडायचे. त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि टेबलाच्या खणात टाकला.

"एका पोरीसाठी चाळीस पोरं खाली आणायची? चौथीची स्कॉलरशिप आहे, वर शांतता असते. आणि वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

"तिच्यासाठी वर्ष मोठं आहे, गुरुजी."

"बाई, पुढच्या शनिवारी समारंभ आहे. पाहुणे येणार आहेत. ते तिच्यासाठी कुबड्या आणणार आहेत, नव्याकोऱ्या. आपण तिला विसरलो नाही ना?"

"ती कुबड्या वापरत नाही. तिला त्या लागत नाहीत."

"घ्यायच्या फक्त. फोटो निघेल," ते म्हणाले आणि समोरच्या फाईलीत डोकं घातलं.

त्या संध्याकाळी मी कौसल्याच्या घरी गेले. एकच खोली, अर्ध्या खोलीत माग. तिचे वडील रुपराव मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते. कौसल्या चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. हात इतके चपळ की पाहत राहावं. तिची आई प्रयागबाई चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की यातून त्रास होऊ शकतो.

रुपरावांनी माग थांबवला. "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच म्हणता. पण पोरीचं नाव काढून टाकलं तं? चार शाळाईत फिरलो तवा इथं घेतलं तिले. कुबड्या देऊन राहिले तं घेऊन घ्याव्या. कोपऱ्यात पडल्या राहतील."

"मी नाही घेत," कौसल्या चरखा न थांबवता म्हणाली.

"तू गप बस वं."

"ते काहून गप बसंल?" प्रयागबाई चुलीपासून म्हणाली. "रोज माणसाच्या खांद्यावर टांगून जाते ते. पोट्टे गोणी गोणी म्हणून चिडवतात. घरी येऊन गटागटा गुंडभर पाणी पेते. तुमाले दिसत नाही, तुमी मागावर राहता. मले दिसते."

रुपरावांनी धोट्यातली संपलेली कांडी काढून नवी घातली. मग म्हणाले, "मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही." आणि पुन्हा विणू लागले.

सोमवारी सकाळी मी शाळेत आले तेव्हा जिन्यापाशी गर्दी होती. कौसल्या पहिल्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. नत्थूजी समोर वाकून उभे होते.

"चाल बापा, घंटी झाली," ते म्हणत होते.

"नत्थू मामा, मले उचलू नोका. मी गोणी नोहो."

"मंग वर कशी जाशीन?"

"मी जातच नाही. वर्ग खाली येईल."

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. वरून दुसऱ्या वर्गांची घोकंपट्टी ऐकू येत होती. माझी मुलं भिंतीशी उभी राहून मी काय करते ते पाहत होती. मी एक शब्द बोलले असते तर ती वर गेली असती आणि कौसल्या एकटी खाली राहिली असती. घरी सासूचं औषधपाणी होतं, माझ्या नोकरीवर बरंच काही उभं होतं. गोविंदानं तेवढ्यात दप्तर काढलं आणि कौसल्याच्या खालच्या फरशीवर जाऊन बसला. त्याच्या मागून दोन मुली बसल्या. मग बाकीचे. मी हजेरीपट उघडला आणि तिथंच उभ्यानं हजेरी घेतली.

मोठे गुरुजी ऑफिसातून बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"चौथीचा वर्ग, गुरुजी. सगळे हजर आहेत."

"वर जा."

"सगळ्यांना जाता येईल अशा जागीच बसणार."

मुलांसमोर आरडाओरडा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "लिहून घेतो मी हे," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पाच दिवस आम्ही व्हरांड्यात बसलो. फळा नव्हता, म्हणून भिंतीच्या निळ्या पट्ट्यावर मी खडूनं लिहायची. पाऊस तिरपा आला की सगळे भिंतीला चिकटायचे आणि पाढे म्हणायचे. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत कौसल्या टाकीपाशी गेली आणि पोट भरून पाणी प्यायली. दोन मुलींनी नालीवर एक फळी आडवी टाकली होती. ती कोणाच्या घरची होती, मी विचारलं नाही. ऑफिसातून मला रोज एक चिठ्ठी येई की वर्ग वर न्यावा. मी रोज त्यावर पोचल्याची सही करून परत देई. दुसऱ्या शिक्षिका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. एकीनं मात्र जाता जाता माझ्या हातात खडूचा नवा डबा ठेवला.

शनिवारी समारंभ झाला. मैदानात टेबलं जोडून स्टेज केलं होतं, वर सतरंजी, मागे फलक. पाहुणे आले, हारतुरे झाले, भाषणं झाली. प्रत्येक भाषणात दया हा शब्द आला. मग मोठ्या गुरुजींनी कौसल्याचं नाव पुकारलं आणि नत्थूजींना खूण केली. नत्थूजी जागचे हलले नाहीत. कौसल्या ओळीतून उठली, गुडघ्यावर हात दाबत चालत स्टेजपर्यंत आली आणि खालीच थांबली. पाहुण्यांनी वरून वाकून कुबड्या पुढे केल्या. फोटोवाला एका गुडघ्यावर बसला.

"साहेब, मले कुबड्या लागत नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मैदान शांत होतं. "आमचा वर्ग खाली पायजे."

पाहुण्यांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी हसून कुबड्या अजून खाली केल्या. तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"काय म्हणते ही?" त्यांनी मोठ्या गुरुजींना विचारलं.

"घाबरली आहे, साहेब."

"मी घाबरली नाही," कौसल्या म्हणाली. "ह्या कुबड्या ज्याले लागतात त्याले द्या. मले खोली पायजे. खाली हाये, ऑफिसच्या बाजूले, बंद पडली हाये."

पाहुणे सरळ झाले. कुबड्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, घड्याळ पाहिलं आणि समारोपाचं भाषण सुरू केलं. टाळ्या झाल्या. फोटो निघाला तो हाराचाच निघाला. कौसल्या वळून आपल्या जागी येऊन बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. शेजारच्या मुलीनं तिच्या हातावर हात ठेवला, तो तिनं राहू दिला.

गर्दी पांगत असताना रुपराव मला फाटकाशी दिसले. माग सोडून आले होते, हातावर रंग तसाच होता. "ऐकलं मी," ते म्हणाले.

मला वाटलं, आता संपलं. मागितलं आणि कोणी दिलं नाही. सोमवारी काय होईल हे मला समजत नव्हतं. रविवारभर मी घरात धुसफुसत होते.

सोमवारी साडेनऊलाच शाळेत पोचले तर खालच्या त्या खोलीचं दार सताड उघडं होतं. नत्थूजी बनियनवर, डोक्याला गमछा बांधून, तुटकं बाक पाठीवर घेऊन बाहेर येत होते. आत प्रयागबाई आणि गल्लीतल्या तीन बाया पदर खोचून झाडत होत्या. रुपराव आणि त्यांचा शेजारी निवडणुकीच्या पेट्या मागच्या शेडमध्ये रचत होते.

"नत्थूजी, चावी कोणी दिली?"

"चावी माह्याच कमरेले राहते, बाई. बारा वर्षं झाले." त्यांनी बाक भिंतीशी टेकवलं आणि घाम पुसला. "दोन वर्षांपासून पोरीले उचलून राहिलो. म्या म्हटलं, रोज पोरगी उचलण्यापक्षा एक डाव बाकं उचलून टाकतो."

"मोठे गुरुजी काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील. पाच वर्षांत रिटायर व्हाचं हाये मले."

मीही पदर खोचला. साडेदहाला गणपतराव फाटकातून आत आले तेव्हा फरशी ओली होती आणि चौथीची मुलं फळा उचलून जिन्यावरून खाली आणत होती. चौघं पुढे, चौघं मागे. कौसल्या खालून ओरडत होती, "डावीकडं घ्या, डावीकडं, भिंतीले लागंल."

मोठे गुरुजी खोलीच्या दारात उभे राहिले. बायांनी झाडू थांबवले नाहीत. रुपराव त्यांच्यासमोर गेले आणि हात जोडले, पण मान खाली घातली नाही.

"गुरुजी, पेट्या मोजून ठेवल्या. अठरा हायेत. काही गेलं नाही. पोरगी इथं बसंल."

"मला हे वर कळवावं लागेल," गणपतराव म्हणाले.

"कळवा," प्रयागबाई आतून म्हणाली. "आमी इथंच राहतो, याच गल्लीत."

त्यांनी कळवलं. मला खुलासा मागितला गेला. मी एका ओळीत लिहून दिलं की वर्ग चौथा खालच्या खोलीत बसतो आणि सर्व विद्यार्थी हजर असतात. दिवाळीनंतर माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कळमन्याच्या पलीकडे झाली. रोज सायकलनं आठ मैल. मी तक्रार केली नाही. नत्थूजींना नोटीस मिळाली, ती त्यांनी घडी करून गमछ्यात बांधून ठेवली. पण वर्ग पुन्हा वर नेण्याचं नाव कोणी काढलं नाही. अठरा पेट्या आणि तीस बाकं परत आत रचायची तर ती रचणार कोण, हा प्रश्न होताच. शिवाय माझ्या जागी आलेल्या बाईंना गुडघ्याचा त्रास होता, त्यांना खालीच बरं वाटत होतं.

पुढच्या जुलैत प्रयागबाई मला इतवारीत भाजी घेताना भेटली. कौसल्या चौथी पास होऊन मुलींच्या हायस्कुलात पाचवीत गेली होती. मी विचारलं, कसं चाललंय.

"तिथंही वरच वर्ग हाये," प्रयागबाई म्हणाली. "मी म्हटलं, मी येतो संगं. तं म्हणे, तू येऊ नोको. पहिल्याच दिवशी एकटीच गेली मोठ्या बाईच्या खोलीत. चपराशी अडवून राहिला तं त्याले म्हणे, मले काम हाये."

"मग?"

"मंग काय. पाऊण तास भांडून आली. घरी येऊन जेवली अन् कांड्या भराले बसली. म्हणे, उद्या पुन्हा जातो."

पाचवीचा वर्ग त्या वर्षी वरच राहिला. पुढच्या वर्षी ती सहावीत गेली तेव्हा सहावीचा खाली आला.